गवळ्यांच्या ढिगांवरचा शेंदूर

आमच्या गावाच्या उत्तरेला माळ आहे. येवल्याहून येणारी एसटी फाट्यावर सोडते, तिथून गावाकडे चालायला लागलं की उजव्या हाताला तांबूस, उघडा, कुसळीच्या गवताचा जो भाग दिसतो, तोच. पावसाळ्यात थोडे दिवस तिथे हिरवळ असते, बाकी वर्षभर शेळ्या आणि वारा. त्या माळावर दगडांचे तीन मोठे ढीग होते. आता नीट म्हणावेत असे दोन आहेत. त्याचंच सांगायला बसले आहे.

गावात त्यांना गवळ्यांचे ढीग म्हणतात. आमच्याकडे जे जे जुनं आणि कोणाचं ते माहीत नाही, ते गवळ्यांचं. पडकी बारव दिसली, गवळ्यांची. शेतात कोरीव दगड निघाला, गवळ्यांचा. सासूबाई सांगायच्या की पूर्वी इथे गवळी राजे होते आणि त्यांच्या गाई इतक्या की दुधाला रांजण पुरायचे नाहीत. ते रांजण ढिगांखाली पुरलेत असंही सांगायच्या. रांजणात दूध होतं की सोनं, यावर मात्र त्यांचं मत दर वर्षी बदलायचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ढीग बघत होते. बघत होते म्हणजे डोळ्यांसमोर होते. शेळी चुकली की वर चढून हाक मारायची, एवढाच त्यांचा नि माझा संबंध.

वाटणी झाली तेव्हा माळाचा तो तुकडा धाकट्या दिरांकडे गेला. आमच्याकडे विहिरीजवळची काळी जमीन आली, थोडी पण बरी. त्यांच्याकडे माळ जास्त गेला, कारण तेव्हा माळाला कोणी जमीन म्हणत नव्हतं. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात बोलायचा हक्क माझा नव्हता आणि मी बोलत होते.

काही वर्षांपूर्वी नाशिकहून एक मुलगी आली. डोक्यावर मोठी टोपी, पाठीवर सॅक. जुन्या जागांचा अभ्यास करते म्हणाली. कोणी तिला सरकारी समजलं, कोणी सोलरवाल्यांची, कारण त्या वर्षी सोलरवाले माळ शोधत गावोगाव फिरत होते. कांदा काढणी चालू होती, तिला माळावर न्यायला घरातलं कोणी मोकळं नव्हतं. मी होते, आणि माझे गुडघे तेव्हा ऐकायचे. गावाने दुसऱ्या दिवसापर्यंत तिची मॅडम करून टाकली, मग मीही मॅडमच म्हणायला लागले. ती मला काकू म्हणायची.

आता माळावर दगडांच्या ढिगांना काय तोटा. शेत करताना दगड वेचायचे आणि कडेला टाकायचे, हे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चाललंय. मी आपली तिला प्रत्येक ढीग दाखवत सुटले. पहिल्याभोवती तिने फेरी मारली आणि म्हणाली, हा शेतकऱ्याचा. दुसरा, हाही शेतकऱ्याचा. मला वाटलं, हिच्याशी काय दगड बोलतात का. मग तिने दाखवलं. शेतकऱ्याच्या ढिगातले दगड एका माणसाला उचलतील एवढेच असतात, कसेही टाकलेले, आणि ढीग बांधाच्या कडेला असतो, कारण लांब नेऊन टाकायची हौस कोणाला असते.

गवळ्यांच्या ढिगापाशी मात्र ती थांबली. खाली बसली. ढिगाच्या पायथ्याशी गवत बाजूला केलं तर मोठमोठ्या दगडांचं कडं होतं, चांगले चार माणसांना हलणार नाहीत असे दगड, अर्धे जमिनीत गेलेले. मी तिथे इतकी वर्षं चढत-उतरत होते, पण ते कडं गोल आहे हे मला कधी दिसलं नव्हतं. आणि दगड काळे, गुळगुळीत. माळाचा दगड तांबडा, हातात भुगा होणारा. असला काळा दगड आमच्याकडे फक्त खालच्या नाल्यात मिळतो.

"काकू, हे इथले नाहीत," ती म्हणाली. "हे कोणीतरी वर आणलेत."

मग तिने दगडफूल दाखवलं. आपण मसाल्यात घालतो तसलंच, करड्या रंगाचं, दगडाला चिकटलेलं. जो दगड जागचा हलला नाही, त्याच्या उघड्या अंगावर ते सगळीकडे सारखं पसरलेलं असतं. कोणी उलथवला असेल तर दगडफूल मातीकडे तोंड करून मेलेलं सापडतं. ढिगाच्या मधोमध जमीन जरा बसलेली होती, वाटीसारखी. ती खोली सोन्यापायी कोणी खणल्याने आली की आपोआप, हेही ती कडा बोटाने चाचपून सांगायची. खणलेल्याची माती बाहेर कुठेतरी पडलेली असते, म्हणायची, ती आधी शोधा.

खाली काय आहे, असं मी विचारलं. ती म्हणाली, बहुतेक माणसं, पुरलेली. गावाच्या कितीतरी आधीची. खणल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, आणि खणायचं तर नाहीच.

संध्याकाळी ऊन तिरपं झालं तेव्हा तिने मला लांब उभं केलं आणि परत बघायला सांगितलं. तिन्ही कडी सावलीने उठून आली होती. त्या दिवसापासून मला ती कडी कधीही दिसायला लागली, भर दुपारीसुद्धा. निफाडला लेकीकडे जाताना एसटीच्या खिडकीतून मी प्रत्येक ढिगाकडे बघायचे आणि शेजारच्या बाईला सांगायचे, हा शेतकऱ्याचा. बायका जागा बदलायच्या.

गावात मी सांगितलं की दूध नाही, सोनं नाही, मढी आहेत. धाकट्या जावेने कपाळावर हात मारला. शेळ्या चारताना ती रोज त्या ढिगावर बसून भाकर खायची. "आन् मी त्यांच्या उरावर बसून ठेचा वाढून घेत व्हते," म्हणाली. त्यानंतर ती खाली बसून जेवायला लागली आणि पहिला घास ढिगाकडे टाकायला लागली. ढिगांना संरक्षण मिळावं म्हणून मॅडमने वरच्या कचेरीत कळवलं होतं, पण त्याला वेळ लागतो, असं तिनेच सांगितलं. तोवर कोणी हात लावू नये एवढं बघा, म्हणून ती नाशिकला गेली.

पुढच्याच वर्षी दिरांचं शेततळं झालं. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, निळंशार. पाणी आलं म्हटल्यावर माळाची जमीन झाली. भाऊजींनी ठरवलं, सगळा माळ सपाट करायचा, वर काळी माती आणून टाकायची आणि कांदा लावायचा. निघेल तो मुरूम पाणंदीच्या रस्त्याला जाणार होता, म्हणजे गावही खूश. जेसीबीही सांगून ठेवला.

मी गेले बोलायला. भाऊजी ओसरीवर सुतळी वळत बसले होते. मी म्हटलं, सगळा माळ घ्या, ते तीन ढीग सोडा. ते हसले. माणूस वाईट नाही. जन्मभर कोरडवाहू बाजरी काढलेली, त्याला पहिल्यांदा पाणी मिळालेलं.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही मला परातीत तीन वाट्या पालथ्या घालून भाकर थापायला सांगताय."

मी म्हटलं, ती माणसं आहेत. ते म्हणाले, "आसतील. मेलेल्याला येवढी जागा, आन् जित्यानं काय करायचं?" मी चहा पिऊन परत आले. जाऊ आत भांडी घासत होती, तिने मान वर केली नाही.

जेसीबी आला त्या सकाळी आम्ही सगळेच माळावर होतो. चालवणारा मनमाडकडचा होता. त्याने यंत्र मोठ्या ढिगाकडे वळवलं, जरा पुढे आणलं आणि बंद केलं. खाली उतरला, चपला काढल्या आणि हात जोडले. आम्ही पुढे होऊन बघतो तर कड्यातल्या सगळ्यात मोठ्या दगडाला शेंदूर. ताजा, तेल अजून ओघळतंय. वर चांदीचे डोळे बसवलेले, पुढे फोडलेला नारळ.

"काका, हितं देव हाय," चालवणारा म्हणाला.

"कालपर्यंत नव्हता," भाऊजी म्हणाले.

"मंग आज आला आसंल. मी नाय हात लावणार."

भाऊजींनी इकडे तिकडे बघितलं. जाऊ शेळ्या घेऊन लांब उभी होती, भलतीकडेच बघत. तिच्या दहाही बोटांची टोकं नखांपर्यंत केशरी होती. तेलात कालवलेला शेंदूर धुऊन जात नाही लवकर. त्याच हातांनी तिने सकाळी भाकरी थापल्या होत्या आणि भाऊजींनी त्या खाल्ल्या होत्या. त्यांनी तिचे हात बघितले, मी बघितले, चालवणाऱ्यानेही बघितले असणार. शेंदूर कोणी लावला हे आमच्याकडे विचारत नाहीत. लागला की लागला. लावणं कोणालाही जमतं, पुसायला कोणाचा हात धजत नाही. जेसीबी परत गेला आणि भाऊजींनी माळाच्या खालच्या अंगाला, ढिगांपासून लांब, तेवढा भाग नीट करून घेतला आणि तिथे आधी मका लावला.

मी मॅडमला फोन केला. ती खूप हसली. मग म्हणाली, "काकू, आता तिथे लोक यायला लागतील का?" मी म्हटलं, येतील, बघतील, जातील.

लोक आले आणि गेले नाहीत. आधी एक भगवा झेंडा लागला. मग कोणी घंटा बांधली. शेजारच्या गावातल्या एकाने नवस बोलला आणि त्याच्या बोअरला पाणी लागलं, ही बातमी बाजाराच्या दिवशी पंचक्रोशीत फिरली. देवाला नाव नव्हतं, तर ढीग गवळ्यांचे म्हणून तो गवळीबाबा झाला. रविवारी मोटरसायकली माळावर चढायला लागल्या, भाऊजींच्या मक्यातून वाट पडली. करवंट्यांचा एक चौथा ढीग तयार झाला, तो कोणाचा हे ओळखायला मॅडम लागत नव्हती.

गावातल्या पोरांनी मंडळ केलं. मंडळ झालं की चौथरा हवा, चौथऱ्यावर पत्र्याची शेड हवी. चौथऱ्याला दगड हवेत, तर जवळच तिसरा ढीग होता, सगळ्यात लहान, पण कड्यातले दगड कसे अगदी मापात. एका दुपारी ट्रॅक्टर-ट्रॉली लावून त्यांनी कडं उचकटलं. भक्तीने केलं, फुकट केलं, घामाने न्हाऊन केलं. मला कळलं तेव्हा सगळे दगड मोठ्या ढिगाशेजारी रचून ठेवलेले होते. पुढच्या पंधरवड्यात शेंदराच्या दगडाभोवती पाया खणून चौथरा बांधायचा होता, म्हणजे मोठ्या ढिगाच्या अंगातच.

जाऊ माझ्या दारात येऊन बसली. पाणी दिलं ते प्यायली नाही.

"बाई, तिसरा गेला," म्हणाली. "मी देव बसवला तो राखणीला. त्यानंच खाल्लं."

मॅडम आली. खड्ड्यांचे फोटो काढले, दगडांचे काढले, टेप लावून मोजमाप घेतलं. ओरडली नाही कोणावर. मी म्हटलं, दगड तेवढे परत नेऊन ठेवू, ट्रॉली मी सांगते. ती नको म्हणाली. दगड मातीत कसा बसला होता त्यावरून कळायचं, ते आता गेलं, परत ठेवला तर तो नुसता दगड. मग तिने विचारलं की शेंदूरच पुसून टाकला तर. जाऊ आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि तिला आणखी एक कप चहा दिला.

देव पुसता येत नाही, पण हलवता येतो. धरणात गाव गेलं तर देव नवीन गावठाणात नेतातच की. मी मंडळाच्या पोरांना बोलावून सांगितलं, बाबाला फाट्यावर न्या. डांबरी रस्ता, एसटी थांबते, येणारा-जाणारा गाडीवरूनच हात जोडेल, इथे माळावर म्हाताऱ्या बायका कशा चढणार. पोरांना गर्दीचं पटलं. भाऊजींना तर लगेच पटलं. मक्यातली वाट बंद होणार होती.

आणि तिथेच मला खरी अडचण दिसली. देव होता म्हणून यंत्र अडलं होतं. देव गेला की माळ परत भाऊजींचा. देव राहिला तर चौथऱ्याखाली ढीग जाणार, गेला तर नांगराखाली. मी हे जावेला बोलून दाखवलं. ती म्हणाली, मला ठाऊक हाय.

कौल लावल्याशिवाय देव हलवायचा नाही, हे सगळ्यांनाच मान्य होतं. मारुतीच्या देवळाचा गुरव आला. तो सांगायचा, दगड उपटायची काही गरज नाही, देव नारळात घ्यायचा आणि नारळ नेऊन नव्या जागी बसवायचा, देव उठला की मागे नुसता दगड राहतो. मॅडमने हे ऐकून सुटकेचा निःश्वास टाकला, कारण तो दगड कड्यातला होता. कौल म्हणजे असं, की दगडाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची आणि देवाला विचारायचं. उजवं फूल आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही.

रविवारी सकाळी निम्मा गाव माळावर होता, मॅडमही थांबली होती. गुरवाने कण्हेरीची फुलं लावली आणि बाबाला विचारलं, फाट्यावर यायचं का. वारा होता. मंडळातलं एक पोरगं कुजबुजलं की हा तर वाऱ्याचा कौल, तर गुरव मान न वळवता म्हणाला, "वारा काय तुझ्या बापाचा हाय? त्येबी त्याचाच." फूल पडलं. उजवं. हलगी वाजली, गुरवाने नारळ हातात घेतला.

तेवढ्यात जाऊ पुढे झाली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, आणखी एक विचारायचं आहे. गुरव म्हणाला, विचार. हलगी थांबली.

"बाबा," ती दगडाकडे बघून म्हणाली, "तू गेल्यावर ह्या तुझ्या जाग्यावर नांगर घातलेला चालंल का तुला?"

भाऊजी समोरच उभे होते. सगळ्या गावाने आधी तिच्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला चारचौघांत असं कधी धरलं नसेल, आणि धरलं तेही देवाच्या हातून. गुरवाने नवी फुलं ओली करून लावली. मघाचं फूल पटकन पडलं होतं. ही पडेनात. वाराही पडला. मग डावीकडच्या फुलाची एक पाकळी सुटली आणि फूल तिरकं होऊन लोंबायला लागलं.

भाऊजी त्या फुलाकडे बघत होते. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"काढा ती फुलं," ते म्हणाले. "मी नाय घालत नांगर. दोन्ही ढीग सोडून घालीन."

गुरव म्हणाला, अरे, देवाला बोलू तर दे.

"देव बोलला तर मला ऐकावंच लागंल," भाऊजी म्हणाले. "त्याच्याआधी मी बोलतो. माझी जमीन हाय."

गुरवाने जरा विचार केला आणि दोन्ही फुलं काढून मुठीत घेतली. हलगी परत सुरू झाली. मिरवणूक फाट्याकडे निघाली, बहुतेक सगळे तिच्यामागे गेले. पोरांनी रचून ठेवलेले दगडही दुसऱ्या दिवशी ट्रॉलीत भरून नेले, गवळीबाबाचा चौथरा आता त्यांचाच आहे, वर पत्र्याची शेड आहे, एसटी तिथेच थांबते.

जाऊ मिरवणुकीबरोबर गेली नाही. शेळ्या सोडायची वेळ झाली, म्हणाली. भाऊजीही थांबले. त्यांनी मॅडमला विचारलं, किती सोडायचं ते एकदाच सांगा, दर साली जागा वाढवायची नाही. मॅडमने कड्याच्या बाहेर पावलं टाकून दाखवलं, इथपर्यंत. भाऊजींनी जावेकडून शेळीचा कासरा मागितला, तो जेमतेम पुरला. एक टोक ढिगाच्या मध्यावर मला धरायला लावलं, दुसरं स्वतः घेऊन ते गोल फिरले आणि काठीने जमिनीवर रेघ ओढत गेले. दुसऱ्या ढिगालाही तसंच केलं. जाऊ लांबून बघत होती.

वरच्या कचेरीतून कागद अजून आलेला नाही. मॅडम वर्षातून एकदा येऊन जाते. तिसऱ्या ढिगाच्या जागी आता मका असतो, बाकी माळावर कांदा. भाऊजी ट्रॅक्टरवाल्याला दर वेळी स्वतः उभं राहून रेघ दाखवतात आणि तो दर वेळी शिव्या घालत गाडी वळवतो. रेघेच्या आत त्यांचा नांगर आजवर गेलेला नाही. रेघेच्या बाहेर त्यांनी एक वीतसुद्धा मोकळी ठेवलेली नाही.